लिस्बनच्या परसदारी

युरोपची सहल करून आलेल्या माणसाला दिवाळीच्या फराळाला बोलवावे आणि स्वस्थ ऐकत बसावे. एक चकली संपेपर्यंत तो बारा दिवस आणि सात राजधान्या संपवतो. पॅरिसचा मनोरा होतो, रोमचे कारंजे होते, आणि लिस्बनचे नाव निघाले की मात्र तो जरा अडखळतो. ‘लिस्बनला ना? दुपारी पोचलो, सकाळी निघालो. चढउतार फार आहेत हो!’ एवढे बोलून तो करंजीकडे वळतो.

माझे म्हणणे असे, की राजधानी हा कुठल्याही देशाचा दिवाणखाना. तिथे गालिचा असतो, तसबिरी असतात, पाहुण्यांसाठी काढून ठेवलेले चांगले कप असतात. घरातली खरी माणसे पाहायची तर परसदारी जावे लागते. लिस्बनचे परसदार फार जवळ आहे. सकाळचा चहा घेऊन निघावे आणि रात्रीच्या जेवणाला परत यावे, अशा अंतरावर डोंगर आहे, राजवाडे आहेत, खाडी आहे आणि युरोपची शेवटची कडाही आहे. शहर न बदलता, बोचकी न बांधता, चार दिवस चार दिशांना जाता येते. एरवी ह्या सदराला दीड पान मिळते. दिवाळी अंकात संपादकांनी हात सैल सोडला आहे, तेव्हा ह्या चार दिवसांचा जमाखर्च सविस्तर मांडतो.

आम्ही तिघे होतो. मी, सौ. आणि सौ.च्या मावशी. मावशी वसईच्या. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे त्याहून थोरले, जीभ मात्र अजून तिशीतली. पोर्तुगालचे ठरले तेव्हा त्या म्हणाल्या, “जावईबापू, ह्या लोकांनी आमच्या गावावर दोनशे वर्षे राज्य केले. एकदा त्यांचे घर कसे आहे ते बघून येऊ दे मला.” हिशेब अगदी चोख होता. वसई पोर्तुगीजांकडे गेली १५३४ साली आणि चिमाजी आप्पांनी ती घेतली १७३९ साली. म्हणजे मावशी एका अर्थाने थकलेल्या बाकीच्या वसुलीला निघाल्या होत्या.

पहिला दिवस सिंत्राचा. लिस्बनच्या ऐन मध्यावर रोसियो नावाचे स्टेशन आहे. त्याच्या दर्शनी भिंतीत घोड्याच्या नालाच्या आकाराची दोन प्रचंड दारे आहेत. नाटकाचे थिएटर समजून माणूस तिकीट मागायचा. गाड्या मात्र वरच्या मजल्यावर, कारण मागे टेकडी आहे. गाडी सुटते ती थेट अडीच किलोमीटरांहून लांब बोगद्यात शिरते. ही लोहमार्गाची सोय १८८७ सालची. चाळीस मिनिटांत तुम्ही सिंत्राला. मेट्रोसाठी पैसे भरून घेतलेले कार्डच ह्या गाडीला चालते, त्यामुळे खिडकीशी उभे राहून खाणाखुणा करायची गरज पडत नाही.

मुंबईकराला नेरळ सोडून माथेरान लागावे, तसे लिस्बनकराला सिंत्रा. शहरात कडक ऊन होते. इथे उतरलो तर झाडांच्या शेंड्यांवर धुके. समुद्रावरून येणारा ओला वारा ह्या डोंगराला अडतो, म्हणून नेचे, शेवाळ आणि गर्द सावली. डोंगराची उंची जेमतेम ५२८ मीटर. पण राजेलोकांनी उन्हाळा काढायला हीच जागा धरली. १९९५ साली युनेस्कोने हा सारा परिसर जागतिक वारशात घेतला.

प्रवासी उतरतात आणि पळतच सुटतात तो वरच्या पेना राजवाड्याकडे. राणी दुसरी मारिया हिचा जर्मन नवरा फर्नांदो ह्याने १८३८ साली एक पडका मठ विकत घेतला आणि त्याच्या आसपास हा लाल-पिवळा वाडा उभारला. लहान मुलाच्या हाती रंगाची पेटी आणि वडिलांचे पैसे दिले तर जे होईल, ते तिथे झाले आहे. पाहावाच, पण आतल्या दालनांच्या तिकिटावर वेळ ठरलेली असते, ते आधी काढून ठेवावे. चढ उभा आहे. वर जायला बस मिळते. तीत बसण्यात कमीपणा मानू नये.

आम्ही जास्त रमलो ते गावातल्या जुन्या राजवाड्यात. त्याची खूण लांबूनच पटते. छपरावर पांढऱ्या रंगाची, ३३ मीटर उंचीची दोन धुराडी आहेत; दोन अवाढव्य नरसाळी पालथी घातल्यासारखी. त्यांच्या खाली राजाचे मुदपाकखाने. आत उभे राहून वर पाहिले की त्या नरसाळ्याच्या टोकाशी आभाळाचा रुपया दिसतो. सौ. बराच वेळ माना वर करून पाहत होती. मग म्हणाली, “आमच्या स्वयंपाकघरातला धूर बाहेर जायला एवढीशी चिमणी लावताना तुम्ही सहा महिने घेतलेत.” इतिहास आपल्याला कुठे गाठेल ते सांगता येत नाही.

वरच्या मजल्यावर ढालींचे दालन आहे. मानुएल राजाने सोळाव्या शतकाच्या आरंभी ते करवून घेतले. चारी भिंतींना निळ्या चित्रांच्या फरश्या, आणि घुमटाकार छतावर राज्यातल्या ७२ सरदार घराण्यांची मानचिन्हे सोन्याच्या रंगात रंगवलेली. प्रत्येकाखाली नाव. मावशी चष्मा पुसून एकेक अक्षर लावू लागल्या. “सोझा… परेरा… आल्मेदा… लोबो… मिरांदा… अगं, ही तर आमची आळी!” आणि मग तिथेच, सरदारांच्या छताखाली, वसईचा पाढा सुरू झाला. परेरांची विहीर, लोबोंची केळीची बाग, पावसाळ्यात मावशींच्या आईचे बाळंतपण करायला धावत आलेली शेजारीण. ही नावे ज्या सरदारांची होती, त्यांनी ती घेऊन येताना तलवार आणली होती. पण ज्यांच्याकडे ती राहिली, ती आमच्या मावशींची शेजारची माणसे. त्यांचे वाडवडील वसईचेच, त्यांची केळी वसईची, त्यांची भाषाही मराठी. वसुलीच्या वहीत हे नाव कुठल्या बाजूला लिहायचे, ह्याचा विचार मावशी करू लागल्या असाव्यात. कारण नंतर बराच वेळ त्या बोलल्या नाहीत, आणि हे सहसा घडत नाही.

त्यापुढे एक लहानशी खोली आहे. प्रवासी दारातून डोकावतात आणि निघून जातात. आम्ही थांबलो. ह्या खोलीत सहावा अफोन्सो नावाचा राजा नऊ वर्षे कोंडलेला होता. लहानपणीच्या आजाराने त्याचे अर्धे अंग दुबळे झाले होते. तेराव्या वर्षी गादी मिळाली; कारभार आईच्या हाती. १६६७ साली धाकट्या भावाने सत्ता काढून घेतली, पुढच्या वर्षी राणीही त्याचीच झाली. अफोन्सोला आधी दूर अटलांटिकमधल्या बेटावर धाडले, १६७४ साली ह्या खोलीत आणून ठेवले, आणि १६८३ साली तो इथेच वारला. तो इतक्या येरझारा घाली की फरशी झिजली, असे सांगतात.

आता मुंबईकरांनी जरा इकडे लक्ष द्यावे. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला काथरिना दिली ती ह्याच अफोन्सोची बहीण. १६६१ च्या ज्या तहाने मुंबई बेट आंदणात गेले, तो तह ह्याच्या नावाने झाला. गोव्याचा व्हाइसरॉय बेट सोडायला तयार नव्हता. इंग्रज मुंबईत स्थिरावले की हिंदुस्थान आपल्या हातून गेलाच म्हणून समजा, अशा अर्थाचे पत्र त्याने १६६५ साली धाडले ते ह्याच राजाला. पत्राचा उपयोग झाला नाही. मुंबई गेली, आणि राजाला उरली ही एक खोली.

मावशी दारात उभ्या राहून फरशीकडे पाहत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “मुंबई दिलीन, आणि स्वतःला तुरुंग घेतलान.” तुरुंग हा आपला शब्दही मूळचा ह्यांचाच, पोर्तुगीज ‘त्रोंको’वरून आलेला. पाव, बटाटा, चावी, बिजागरी, पगार आणि लिलाव हे त्याच गलबतातून उतरले. ह्यांच्या भाषेत बाकी ‘श’चा सुकाळ फार. गाडीत दोन माणसे बोलू लागली की मावशी विचारायच्या, “कुणाचे बाळ निजलेय का गं? सगळे श्श श्श करताहेत.”

राजवाड्यातून बाहेर पडलो की समोरच मिठाईची दुकाने आहेत. केइजादा नावाची वाटीएवढी गोड वडी इथली खासियत. पातळ कुरकुरीत पारीत ताजे चीज, साखर, अंडे आणि दालचिनीचे सारण. दुसरी चीज त्राव्हेसेइरू, म्हणजे उशी. पापुद्र्यांच्या आत बदामाचे सारण. “ह्यांच्या घरचे पाणी पिणार नाही,” असे म्हणत निघालेल्या मावशींनी दोन केइजादा खाल्ल्या आणि तिसरी रुमालात बांधून घेतली.

दुसरा दिवस त्याच डोंगराचा, पण पलीकडच्या अंगाचा. ह्यासाठी सिंत्राहून टॅक्सी करावी. म्हाताऱ्या माणसांना ती परवडते, कारण गुडघ्यांचा खर्च वाचतो. गावाबाहेर जुन्या रस्त्याला पेन्या व्हेर्द नावाची बाग लागते. खाजगी मालमत्ता आहे. आत जाता येत नाही. भिंत, फाटक आणि वर झुकलेली झाडे तेवढी दिसतात. ही बाग जुआंव द कास्त्रू ह्याची. हा गृहस्थ १५४५ साली गोव्याचा गव्हर्नर झाला. त्याआधीच्या फेरीत, १५३८-३९ साली, गोव्यापासून दीवपर्यंतचा किनारा त्याने गलबतातून पाहिला, मोजला, नकाशे काढले आणि घारापुरीच्या लेण्यांचेही वर्णन लिहून ठेवले. आपल्या कोकणची खाडी न् खाडी त्याच्या वहीत आहे.

त्याची एक गोष्ट पोर्तुगालात प्रसिद्ध आहे. १५४६ च्या वेढ्यात दीवचा किल्ला मोडकळीला आला. दुरुस्तीला पैसा नाही. कास्त्रूने गोव्याच्या नगरसभेकडे कर्ज मागितले आणि तारण म्हणून आपल्या दाढीचे केस पाठवले. गोवेकरांनी पैसे दिले आणि दाढी सन्मानाने परत केली. आजकालच्या बँकांना हा दाखला सांगून उपयोग नाही. हाच माणूस ह्या बागेतली फळझाडे तोडून तिथे नुसती सावलीची झाडे लावी. जमिनीपासून काही मिळकत नको म्हणे. १५४८ साली तो गोव्यात वारला. बागेत परतून यायचे राहून गेले.

पण त्याच्या बागेत एक प्रवासी कधीचाच येऊन बसला होता. तो म्हणजे सोमनाथ पाटणचा शिलालेख. कास्त्रूने तो आणला असे सांगतात. संस्कृत लेख, सन १२८७ चा, गुजरातच्या सारंगदेव राजाच्या वेळचा. पूर्वी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलेले जर्मन पंडित ब्यूलर ह्यांनी तो वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात छापला. त्यात त्रिपुरान्तक नावाच्या शैव साधूची हकीकत आहे. हा साधू केदार, प्रयाग, आपले गोदावरीकाठचे त्र्यंबक आणि रामेश्वर करून सोमनाथला आला आणि तिथे त्याने पाच देवळे बांधली. एवढी यात्रा करणाऱ्याचा दगडही स्वस्थ बसला नाही. तो अटलांटिकच्या डोंगरावर येऊन पोचला.

फाटकापुढे उभ्या राहून मावशी संतापल्या. “सोमनाथाचा दगड! मागून घ्यायला हवा परत.” सौ. म्हणाली, “मावशी, आणि नाशिकची नारोशंकराची घंटा?” वाचकांपैकी नाशिककरांना सांगायला नको. गोदेच्या काठी त्या देवळाच्या दर्शनी जी मोठी घंटा आहे, ती वसईच्या विजयाची खूण. मूळची पोर्तुगीजांच्या गिरजाघरातली. अशा घंटा आपल्याकडे इतर देवळांतही आहेत. मावशींनी क्षणभर विचार केला. “घंटा लढून आणली,” त्या म्हणाल्या. मग पुन्हा विचार केला. “दगडही लढूनच नेला असेल म्हणा.” टॅक्सीत बसताना त्यांनी निकाल राखून ठेवला. मलाही तो देता आलेला नाही.

त्याच रस्त्याने पुढे दाट झाडीत कापुशुश मठ आहे. जुआंवचा मुलगा आल्व्हारू ह्याने १५६० साली तो उभारला. बापाचा संकल्प होता म्हणून. असा मठ मी दुसरा पाहिला नाही. प्रचंड शिळांच्या सांदीत कोनाड्यांसारख्या खोल्या. दारे इतकी बुटकी की वाकल्यावाचून प्रवेश नाही. थंडी आणि ओल आत येऊ नये म्हणून दारांना आणि भिंतींना बुचाची साल लावलेली. बूच हे पोर्तुगालचे मोठे पीक. जगात ह्या देशाइतके ते कुठेच निघत नाही. झाड न तोडता नऊ वर्षांनी एकदा त्याची साल सोलून घेतात. सोने, मिरी आणि दालचिनी वाहून आणणाऱ्या काळात ह्या साधूंनी घराला लावली ती झाडाची साल. स्पेनचा दुसरा फिलिप इथे आला तेव्हा म्हणाला म्हणे, की माझ्या राज्यात सर्वांत श्रीमंत मठ एस्कोरियलचा आणि सर्वांत गरीब हा. मावशी एका खोलीत वाकून शिरल्या, आत बसून पाहिले आणि बाहेर येऊन म्हणाल्या, “बापाने दुनिया मोजली. मुलाने चार हात जागा मोजून घेतली. दोघांत शहाणा कोण?”

संध्याकाळी काबो द रोका. युरोप खंडाच्या मुख्य भूमीचे हे पश्चिमेचे शेवटचे टोक. दीपगृह, एक दगडी स्तंभ, सुमारे १४० मीटर खोल कडा, आणि वारा. ह्याखेरीज काही नाही, आणि दुसरे काही लागतही नाही. स्तंभावर पोर्तुगालच्या महाकवी कामोइंशची ओळ कोरली आहे. हा कवी १५५३ साली गोव्याला आला, पुष्कळ वर्षे पूर्वेत हालात काढली, आणि १५७२ साली त्याचे वास्को द गामाच्या सफरीवरचे महाकाव्य छापले गेले. मे महिन्यात इथे सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. शाल, स्वेटर, जे असेल ते न्यावे. मे असो की जून, वाऱ्याला पंचांग ठाऊक नाही. कुंपणाच्या आतच उभे राहून छायाचित्रे घ्यावीत, हे तरुण वाचकांसाठी.

तिसरा दिवस दक्षिणेचा, सेतुबालचा. गाडी तेजू नदीवरच्या तांबड्या झुलत्या पुलाच्या खालच्या मजल्यावरून जाते. नदी पायाखाली, जहाजे खेळण्यांएवढी. हा पूल ६ ऑगस्ट १९६६ रोजी उघडला तेव्हा त्याला हुकूमशहा सालाझारचे नाव होते. २५ एप्रिल १९७४ ला तिथली हुकूमशाही उलथली आणि ती तारीखच पुलाचे नाव झाली. लोहमार्ग त्यावर आला १९९९ साली.

तासाभरात सेतुबाल. बंदर, मिठागरे आणि मासळीचे गाव. वसईकरणीला माहेरी आल्यासारखे वाटले तर नवल नाही. लिव्हरामेंतु नावाच्या बाजारात निळ्या चित्रांच्या भिंतीपुढे मासळीचे ओटे मांडलेले असतात. मावशींनी तारल्यांचे कल्ले उघडून पाहिले, आणि कोळीण हसली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. भाव मात्र दोघींना कळत होता. इथे पिठात घोळून तळलेले माकूळ मिळते, वर लिंबू. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, शाकाहारी वाचकांची दिवाळी बिघडायची. त्यांनी चौकातल्या कुठल्याही दुकानात भाज्यांचे सूप आणि पाव मागावा. मात्र सुपात मांसाची चकती टाकू नका, हे आधी बजावावे.

चौकात बोकाज कवीचा पुतळा आहे. हा सेतुबालचा सुपुत्र १७८६ साली नौदलातून गोव्याला आला. गोवा त्याला मुळीच मानवला नाही. दमणला नेमणूक झाली तेव्हा तो सरळ पळूनच गेला. गोव्याला जाऊन न रमलेला एवढा एकच माणूस माझ्या वाचनात आहे. दुपारी आराबिदा डोंगराच्या पायथ्याशी पोर्तिन्युच्या किनाऱ्यावर जावे. एका बाजूला हिरवा डोंगर, दुसरीकडे काचेसारखे निळे पाणी. आणि ते इतके थंड की पाय बुडवणाराही मंत्र म्हणतो. सादू नदीच्या मुखाशी डॉल्फिनांचा कळप कायम वस्तीला आहे. बोटवाले दाखवायला नेतात.

चौथा दिवस सर्वांत सोपा म्हणून शेवटी ठेवला होता. काइश दु सोद्रे स्टेशनातून कश्काइशची गाडी सुटते आणि नदीच्या, मग समुद्राच्या अगदी काठाकाठाने चाळीस मिनिटे जाते. वाटेत बेलेंचा बुरूज, जिथून वास्को द गामा निघाला तो किनारा, मग वाळूच्या पुळणी, मग एश्तोरिलचा जुगारखाना. एखाद्या आगगाडीच्या तिकिटात इतका समुद्र दुसरीकडे कुठे मिळत असेल असे वाटत नाही.

सौ. मोबाइलवर स्टेशनांची नावे वाचत होती. “आल्जेश… क्रुझ केब्रादा… काशियश…”

“काशी?” मावशी म्हणाल्या. आणि एकदम ताठ बसल्या. “थांब. हे ते तर नव्हे? रानडे मास्तरांचे?”

तेच होते. मोहन रानडे. मूळचे सांगलीचे मनोहर आपटे; गोव्यात मराठीचे मास्तर म्हणून राहिले आणि आझाद गोमंतक दलात लढले. १९५५ साली बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळ्या लागून ते पकडले गेले. सव्वीस वर्षांची शिक्षा झाली. पुढे त्यांना पोर्तुगालला आणून काशियशच्या किल्ल्यात ठेवले. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. गोव्यासाठी लढलेला मास्तर मात्र ह्या किनाऱ्यावर कोठडीतच राहिला. पुढे सात वर्षे. इकडे त्यांच्या सुटकेसाठी समिती झाली, तीत गायक सुधीर फडके राबत होते. १९६८ साली तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई पोपना भेटले, तेव्हा त्यांनीही रानड्यांसाठी शब्द टाकला. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. मुक्त गोव्यात त्यांनी पाऊल ठेवले ते असे.

“मी तेव्हा बावीस वर्षांची होते,” मावशी म्हणाल्या. “ते परत आले तेव्हा वडिलांनी पेपर मोठ्याने वाचून दाखवला होता. आमच्या शेजारचे परेरा मास्तर ऐकायला बसले होते. आई पेढे आणायला गेली.”

कश्काइशच्या जलद गाड्या काशियशला थांबत नाहीत. आमचीही थांबली नाही. फलाटाची पाटी डोळ्यांपुढून गेली. पुढे उतरून आम्ही उलट्या दिशेची सावकाश गाडी धरली आणि परत आलो. पाहण्यासारखे तिथे काही आहे असे सांगून मी कुणाची फसवणूक करणार नाही. एक लहान स्टेशन, समोर चिमुकली पुळण, पोहणारी मुले. किल्ला मागे टेकडीवर, झाडांआड. प्रवासी तिकडे जात नाहीत, आम्हीही गेलो नाही. आम्ही पुळणीच्या कठड्याशी उभे राहिलो. मावशींनी टेकडीकडे तोंड करून हात जोडले. मग पर्समधून पहिल्या दिवशीची ती रुमालातली केइजादा काढली. आता ती दगडासारखी झाली होती. तिचे तीन तुकडे केले आणि एकेक आमच्या हातावर ठेवला. पेढे तिथे कुठून मिळणार!

तिथे उभा असताना सिंत्राची ती खोली मला आठवली. एका राजाच्या नावाने मुंबई देण्यात आली, आणि तो स्वतःच्याच राजवाड्यात कैदी झाला. एका मास्तराने गोवा मागितला, आणि तो त्याच देशाच्या किल्ल्यात कैदी झाला. राजाने झिजवलेली फरशी तिकीट लावून दाखवतात. मास्तराच्या कोठडीला तिकीट नाही. म्हणून ती आपणच लक्षात ठेवायची. त्यासाठी पोर्तुगीजांवर राग धरायला हवा असे नाही. त्या किल्ल्यात त्यांचेही पुष्कळ लोक सालाझारच्या राज्यात डांबलेले होते, आणि १९७४ च्या एप्रिलात क्रांती होताच तिथल्या राजबंद्यांसाठी दारे उघडली गेली.

त्यानंतर आम्ही कश्काइशला गेलो, समुद्राकाठी जेवलो आणि मजेत फिरलो. मजा करू नये असे मावशींना वाटले नाही, मलाही वाटले नाही. निसर्ग पाहायला गेलेल्या माणसाने निसर्ग पाहावाच.

तुम्ही जाल तेव्हा लिस्बनला निदान पाच रात्री ठेवा. पेनाचे तिकीट आधी काढा. पायात मऊ तळव्याचे बूट घाला. तिथली फरसबंदी गुळगुळीत आणि उताराची आहे. कश्काइशच्या गाडीत डावीकडची खिडकी पकडा, सगळा समुद्र त्याच बाजूला आहे. काशियशची पाटी येईल तेव्हा तेवढी एकदा मान उजवीकडे वळवा. टेकडी त्या बाजूला आहे.